सगळ्यात मोठा डाग कोणता?

पत्र आलंय सांगलीच्या गावभागातून. थोडं आखडून देते.

"नमस्कार काकू. चार वर्षं तारेचे आणि मण्यांचे दागिने करत होते. गेल्या वर्षी पुण्यात चांदीकामाचा चार दिवसांचा वर्ग केला. तेव्हापासून घरीच जोडवी, कुड्या, अंगठ्या करते. टॉर्च ऑनलाइन मागवलेली आहे, लायटरच्या गॅसवर चालणारी, मुठीत मावणारी. बारीक कामाला ती पुरते. पण आता एकीने ४० ग्रॅमचं कडं सांगितलंय आणि तीनदा करूनही सांधा धरत नाही. सोल्डरची गोळी होते आणि घरंगळते. एका दुकानदाराने ऑक्सिजन आणि गॅसच्या पूर्ण सेटचं कोटेशन दिलंय. दीर कुपवाडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनला आहेत, ते म्हणतात अ‍ॅसिटिलीनचं सामान आणून देतो. सासूबाई म्हणतात घरात बाँब नको. कामाची जागा माळ्यावर करावी असा विचार आहे, कारण २०१९ च्या पुरात खालच्या खोल्यांत पाणी होतं. सोबत टेबलाचा फोटो पाठवते. नक्की कोणती टॉर्च घेऊ? आणि मला अगंतुगं केलंत तरी चालेल."

अगं, टॉर्च कोणती ते नंतर बघू. तुझ्या हातून होणारा सगळ्यात मोठा डाग, म्हणजे दागिना, कोणता असणार आहे, ते आधी सांग. जोडवी? कडं? पैंजणांचा जोड? की उद्या कुणी देवघरातली वाटी सांगितली तर तीही घेणार आहेस? टॉर्चबद्दल विचारणारे मला हे कधीच लिहीत नाहीत. सगळे लिहितात, किती डिग्रीची घेऊ. दुकानदारही डिग्रीच सांगतो, कारण खोक्यावर तेवढंच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं.

डिग्रीचा हिशेब एकदाच मांडते, मग तो विषय सोडून देऊ. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. तू वापरतेस ती ९२५ ची, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं. ती ८०० च्या आसपासच पाझरायला लागते. चांदीचं सोल्डर, जुने सोनार त्याला झाळ म्हणतात, ते प्रकाराप्रमाणे साधारण ६५० ते ७८० च्या दरम्यान वाहतं. तुझ्या मुठीतल्या टॉर्चची ज्योत हजाराच्या पुढची आहे. म्हणजे डिग्री पुरून उरल्या. तरी कडं का जुळत नाही? मेणबत्तीची ज्योतसुद्धा हजार अंशांच्या वर असते. तिच्यावर एक भाकरी भाजून दाखव.

ज्योत किती तापलेली आहे ही एक गोष्ट, आणि ती दर क्षणाला किती उष्णता ओतते ही दुसरी. कड्याला दुसरी लागते. त्यात चांदी म्हणजे उष्णता वाहून नेण्यात सगळ्या धातूंत पहिली, तांबं दुसरं. तू सांध्यावर ज्योत धरतेस, पण उष्णता तिथे थांबतच नाही. ती कड्याच्या अंगाने फिरून मागे जाते, तिथून विटेत उतरते. फुटक्या घागरीत पाणी ओतल्यासारखं आहे ते. सोल्डरचा तुकडा मात्र मोहरीएवढा. त्याला ज्योत लागली की तो लगेच वितळतो, पण भोवतीची चांदी अजून त्या तापाला आलेली नसते. मग तो पसरणार कुठे? अळवाच्या पानावरच्या थेंबासारखा स्वतःशीच गोळा होतो. मोठ्या कामात सांधा तापवायचा नसतो, अख्खा डाग तापवायचा असतो, आणि सांध्यावर शेवटी यायचं असतं.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी वीट बदल. फोटोत तू कडं बांधकामाच्या लाल विटेवर ठेवलेलं दिसतंय. ती वीट तुझी निम्मी उष्णता गिळते. शिवाय ओलसर असली तर तडकून तिचे कपचे उडतात, डोळ्याजवळ तर नकोच. भट्टीच्या आत लावतात ती हलकी पांढरी वीट मिळते, हातात घेतली की पावासारखी हलकी लागते, नखाने ओरखडा उठतो. तशा तीन घे. एक खाली आडवी आणि दोन मागे उभ्या, काटकोनात, देवळीसारख्या. कडं त्या कोपऱ्यात ठेव, पण विटेला टेकवून नको. त्याच विटेचे दोन कपचे खाली सरकव, म्हणजे ज्योत खालूनही फिरेल. लोणारी कोळशाचा सपाट घासलेला ठोकळा मिळाला तर आणखी चांगलं, तो स्वतःच फुलतो आणि चांदी कमी काळी पडते. घरात जुन्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्याचा तुकडा असेल आणि कुणी म्हणालं की हा जळत नाही, हाच घे, तर घेऊ नकोस. जळत नाही हे खरं, पण त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते ती निघत नाही.

एवढं केल्यावर तुझ्या मुठीतल्या टॉर्चनेही ते कडं कदाचित जुळेल. मैत्रिणीकडून दुसरी तशीच टॉर्च आणून समोरून तिला धरायला लावलंस तर बरंचसं नक्की. पण हे एका कड्यापुरतं. महिन्याला चार कडी व्हायची असतील तर मोठ्या पोटाची ज्योत हवीच.

आता टॉर्चकडे येते.

मुठीतली टॉर्च टाकून देऊ नकोस. जोडवीचा, कुडीच्या फिरकीचा, कडीचा सांधा तिच्याइतका नीट दुसऱ्या कशाने होणार नाही. फक्त तिचा स्वभाव ओळख. आत ब्युटेन आहे, द्रवरूपात. ते उणे अर्ध्या अंशालाच वायू होतं, म्हणजे थंडीत त्याला दम कमी. शिवाय वायू होताना ते टाकीचीच उष्णता घेतं, म्हणून पाच-सात मिनिटं सलग चालवलीस की टाकी हाताला गार लागते आणि ज्योत मलूल होते. दोष टॉर्चचा नाही. खाली ठेव, चहा घे, परत ये. भरताना डबी उलटी धरून भर, आसपास काही पेटतं नको, आणि भरल्यावर थोडा वेळ थांबून मग पेटव.

कड्यासाठी मी सुचवते ती एलपीजीवर चालणारी, स्वतःच हवा ओढून घेणारी टॉर्च. एक सिलिंडर, एक रेग्युलेटर, एक नळी, एक दांडा. दांड्याच्या तोंडाशी भोकं असतात, गॅस जोरात सुटला की त्या भोकांतून हवा आपोआप ओढली जाते. दोन तोंडं घे. एक अंगठ्याएवढ्या रुंदीचं कड्या-पैंजणांना, एक बारीक अंगठ्यांना. ऑक्सिजन नाही, पंप नाही, बिघडायला फारसं काही नाही. एलपीजी हवेबरोबर जळते तेव्हा ज्योत १९०० च्या घरात जाऊ शकते. चांदीला, तांब्या-पितळेला आणि सोन्याच्या घरगुती कामालाही भरपूर झालं.

इथे माझी फजिती सांगते, म्हणजे तू तीच करणार नाहीस. माझी पहिली एलपीजी टॉर्च मी घरच्या शेगडीच्या रेग्युलेटरला जोडली. ज्योत आली उदबत्तीएवढी, तीही वाकडी. ज्याने टॉर्च विकली त्याच्याकडे गेले, तर त्याने जेटचं भोक बारीक ड्रिलने मोठं करून दिलं आणि म्हणाला, आता बघा. बघितलं. हातभर लांब पिवळी ज्योत आली, चांदीवर काजळी धरली आणि माझी डावी भुवई गेली. पुढच्या आठवड्यात घरात लग्न होतं. मी एक भुवई काजळपेन्सिलने काढून मिरवले.

चूक जेटची नव्हतीच. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाबाने गॅस सोडतो आणि तो दाब बदलता येत नाही. हवा ओढणाऱ्या टॉर्चला बहुतेक एक ते दोन बार लागतो, म्हणजे तीस ते पासष्ट पट. त्यासाठी वेगळा, दाब कमीजास्त करता येणारा रेग्युलेटर असतो आणि त्या दाबाची, दोन्ही टोकांना पक्की बसवलेली नळी असते. शेगडीची नारिंगी नळी वापरायची नाही, ती तेवढ्या दाबासाठी नाही. टॉर्च घेताना दुकानदाराला एवढंच विचार, हिला किती बार लागतो? तो म्हणाला की कशावरही चालते, तर दुसरं दुकान बघ.

पायाने भाता मारून हवा द्यायची गॅस गन हा दुसरा चांगला पर्याय. सराफ कट्ट्याच्या आसपासच्या जुन्या कारागिरांकडे अजून दिसते. तिला कमी दाबाचा गॅस पुरतो, आणि पायाच्या ठेक्यावर ज्योत क्षणात सुईसारखी, क्षणात झाडूसारखी करता येते. मला ती मनापासून आवडते. पण हात, डोळे आणि पाय तिघांची गट्टी जमायला वेळ लागतो, आणि तू चार दिवसांच्या वर्गातून आली आहेस. पुढच्या वर्षी बघ. भात्याचीच आणखी एक जात मिळते, पेट्रोलच्या डब्यातून हवा बुडबुडवून तिची वाफ पेटवायची. स्वस्त आहे. घरात आणायची नाही, एवढंच त्याबद्दल.

अ‍ॅसिटिलीनबद्दलही फार लिहीत नाही. ते लोखंडाचं काम. ज्योत ३१०० अंशांच्या आसपास जाते, धूर काजळीचा, आणि चांदीचं कडं डोळ्यादेखत डबकं होतं. दिरांना म्हणावं, त्यापेक्षा विटांसाठी लोखंडी स्टँड करून द्या, आणि सिलिंडर भिंतीला साखळीने बांधायचा कडा ठोकून द्या. फॅब्रिकेशनचा माणूस घरात असणं ही चैन आहे, ती नीट वापर.

ऑक्सिजनचा सेट वाईट नाही. पण तो ज्या कामासाठी असतो ते काम तुझ्याकडे नाही. ऑक्सिजन दिला की एलपीजीची ज्योत २८०० च्या घरात जाते आणि सुईच्या टोकाएवढी बारीक करता येते. खडा बसवलेल्या अंगठीची दुरुस्ती, खड्याच्या शेजारचा सांधा, प्लॅटिनम, साखळीच्या बारीक कड्या, तिथे तो राजा. अख्खं कडं तापवायला मात्र ती सुई उपयोगाची नाही, उलट एकाच जागी भोक पाडेल. आणि तो काळा सिलिंडर भरलेला असतो तेव्हा आत सुमारे १५० बार दाब असतो. त्याच्या जोडांना तेलाचा, ग्रीसचा हातसुद्धा लागता कामा नये, उलट पेट धरू नये म्हणून दोन्ही नळ्यांवर झडपा लागतात. गावभागातल्या बोळात तो हातगाडीवरून आणायचा, पुन्हा भरायला न्यायचा, हे वेगळंच. सासूबाई बाँब म्हणतात ते अगदीच चूक नाही.

करोनाच्या वेळी घेतलेली ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची यंत्रं बऱ्याच घरांत पलंगाखाली पडून आहेत. सिलिंडरऐवजी ते वापरणारे लोक आहेत, आणि लहान ज्योतीला ते चालतंही. हवेतूनच ९० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन काढून देतं, भरायची कटकट नाही. पण त्याचा दाब कमी, तो प्रत्येक टॉर्चला पुरतोच असं नाही. कुणी देऊ केलं तर आधी तुझ्या टॉर्चला जोडून, पेटवून बघ, मग पैसे दे. कुणी आजारी माणसासाठी मागायला आलं तर आधी त्याला दे, हे सांगायला नकोच.

आता जागा. माझ्या मते तुझा खरा प्रश्न टॉर्चचा नाहीच, हा आहे.

पुरामुळे सगळं माळ्यावर न्यायचं हे मी समजू शकते. ज्यांच्या घरात ते पाणी शिरलं त्यांना सांगायची गरज नाही. पण गावभागातल्या जुन्या घरांचा माळा म्हणजे लाकडी तुळया, लाकडी फळ्या, बहुतेक ठिकाणी एकच अरुंद जिना. झाळताना सवागीचा, म्हणजे सांध्याला लावायच्या टाकणखाराचा, तापलेला थेंब उडतो, लालबुंद जोडवं चिमट्यातून सुटतं आणि फळीच्या फटीत जाऊन बसतं. धूर रात्री येतो, आपण झोपल्यावर. आणि एलपीजी हवेपेक्षा दीडपट-दुप्पट जड. गळली तर ती वर खिडकीतून जात नाही, जमिनीलगत पसरते, फटींतून खाली उतरते आणि खालच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली असते. माळ्यावर सामान ठेव, ज्योत नको.

घराला परसदार किंवा मागची पडवी असेलच. फरशी, वर पत्रा, एक बाजू मोकळी. तिथे काम कर. मोकळी बाजू जमिनीपर्यंत मोकळी हवी, अर्धी भिंत बांधलेली असेल तर खालून दोन विटा काढून वाट कर. सिलिंडर उभा, भिंतीला बांधलेला, तुझ्या हाताच्या अंतरात म्हणजे खटका पटकन बंद करता येईल असा, पण ज्योतीच्या रेषेत नाही. आणि पडवीचा उन्हाचा कोपरा घेऊ नकोस, सावलीतला घे. उन्हात निळी ज्योत दिसत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे चांदीला चढणारी लाली दिसत नाही. माझे वडील गलाईच्या धंद्यातले, विट्याकडचे. आमच्या भागातले लोक देशभर गावोगाव सोनं-चांदी गाळायला गेले तसे तेही तमिळनाडूत होते. दुकानात कितीही उजेड असला तरी भट्टी कायम अंधाऱ्या कोपऱ्यात. लहानपणी मला वाटायचं कंजुषी. नंतर कळलं, ते थर्मामीटरऐवजी रंग वाचत होते.

तूही तेच वाच. सवागी लावून तापवायला लागलीस की आधी ती पांढरी फुगते, पापडखारासारखी. मग बसते. मग काचेसारखी पातळ होऊन चकाकते. तेव्हा चांदीवर अंधारात दिसेल न दिसेल अशी फिकी लाली आलेली असते. हीच वेळ, आता ज्योत सांध्यावर आण. झाळ नेहमी जास्त तापलेल्या बाजूकडे धावते, म्हणून दोन्ही टोकं सारखी तापव. एक चंदेरी रेघ सांध्यातून सर्रकन पळेल. ती दिसली की त्याच क्षणी ज्योत बाजूला. आणखी थोडं म्हणून थांबलीस की कडं गेलं.

आणि पूर? पडवीत काहीही कायमचं बांधू नकोस. टेबल उचलता येईल असं, विटा सुट्या, टॉर्च पेटीत. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा आकडा आपण सगळे बघतोच. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की पेटी माळ्यावर आणि सिलिंडर विश्रामबागच्या पाहुण्यांकडे. माळ्यावर सिलिंडर नको, आणि खाली सोडलास तर अर्धा रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगत कुठल्या कुठे जातो. २०१९ ला पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती, तेव्हा माळे तरी किती जणांचे कोरडे राहिले?

सिलिंडर कुठला, हेही तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर विक्रीच्या कामाला वापरणं नियमात बसत नाही, आणि शेगडीच्या नळीला टी लावून फाटा काढणं तर मुळीच नको. ५ किलोचा छोटा सिलिंडर बाजारभावाने मिळतो, ओळखपत्रावर देतात, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. तासाला १०० ग्रॅम गॅस जाळणारी टॉर्च धरली तर एका सिलिंडरमध्ये ५० तास ज्योत मिळेल. तू रोज अर्धा तास जरी प्रत्यक्ष झाळलंस तरी तीन महिने निघतात. दुकानदाराच्या कोटेशनमधल्या मोठ्या सिलिंडरची गरज कुठे आहे?

झाळ घेताना एक जपायचं. कॅडमियम नसलेलीच माग, हुपरीला जाणं झालं तर तिथे चांदीचं सगळं सामान मिळतं, पण तिथेही विचारूनच घे. केडीएम सोनं आपण ऐकलेलं आहे, त्यातलं केडीएम म्हणजे हेच कॅडमियम. ते ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे नेमकं झाळण्याच्या तापाला त्याची वाफ होते, आणि ती वाफ मूत्रपिंडाला आणि फुप्फुसाला खाते. पिढ्यान्पिढ्या कारागिरांनी ती हुंगली, कारण त्यांना कुणी सांगितलंच नाही.

कपडे सुती घाल. सिंथेटिक ओढणी, गाऊन काही नको, केस बांधून. पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट पायाशी.

नवी टॉर्च आली की लगेच गिऱ्हाइकाच्या कड्याला हात घालू नकोस. तांब्याची जाड तार आण, कड्याच्याच जाडीची, आणि तिची दहा कडी कर. तांबंही उष्णता तशीच पळवतं, आणि बिघडलं तर रडू येत नाही. पहिली चार वाया जातील. सातव्या-आठव्याला हात बसेल. मग चांदी.

आणि सासूबाईंना यातलं एक काम दे. प्रत्येक वेळी सिलिंडर जोडला की वाटीत साबणाचा फेस करून रेग्युलेटरच्या आणि नळीच्या प्रत्येक जोडाला ब्रशने लावायचा आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. काडी पेटवून नाही, फेसानेच. बुडबुडा आला तर त्यांनी नाही म्हणायचं आणि तू त्या दिवशी टॉर्च पेटवायची नाही. माझ्या घरी हे काम माझ्या सासूबाई करायच्या. त्यांनी दोनदा काम बंद पाडलं होतं, आणि दोन्ही वेळा बुडबुडा खरंच होता.